आभासी डिस्क-विस्तार

आभासी यंत्राची (व्हीएम) डिस्क भरत आल्यावर तिची इमेज, त्यातील पार्टिशन आणि फाइल-सिस्टीम याच क्रमाने मोठी करण्याची क्रिया. नुसती इमेज वाढवल्यास ‘एलएसबीएलके’ला मोठी डिस्क दिसते, ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवते. जागा आली, पण सातबाऱ्यावर चढली नाही.

इमेज : क्यूईएमयूमध्ये ‘क्यूईएमयू-इमेज रीसाइझ’, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘व्हीबॉक्समॅनेज’. व्हर्च्युअलबॉक्ससाठी व्हीएमडीके इमेज आधी व्हीडीआयमध्ये बदलून घेण्याचा प्रघात आहे. स्नॅपशॉट असल्यास व्हीएमवेअर विस्तार नाकारते.

पार्टिशन : बहुतेक घोटाळे इथेच होतात. ५१२ बाइटच्या सेक्टरला एमबीआर तक्ता २ टेबीबाइटपुढे जात नाही. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. इमेज वाढली की ही प्रत मध्येच अडकते आणि ‘एसजीडिस्क’ने शेवटी न्यावी लागते. ‘एफडिस्क’मध्ये पार्टिशन पुसून पुन्हा करताना सुरुवातीचा सेक्टर तोच ठेवावा, तो चुकला की फाइल-सिस्टीम सापडत नाही. डेबियनच्या अनेक जुन्या मांडण्यांत रूटच्या मागे स्वॅप असते. ते काढून शेवटी नव्याने करावे आणि ‘एफएसटॅब’मधला यूयूआयडी बदलावा. एलव्हीएम असेल तर पार्टिशन वाढवल्यावर ‘पीव्हीरीसाइझ’ आणि ‘एलव्हीएक्स्टेंड’ पुरते. नवी व्हीएम एलव्हीएमवरच उभारलेली बरी.

फाइल-सिस्टीम : ईएक्सटी४ ‘रीसाइझ२एफएस’ने, एक्सएफएस ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ने, दोन्ही चालू यंत्रावर. एक्सएफएस व्यवहारात लहान करता येत नाही, म्हणून आकडा विचार करून टाकावा.

नागपूर : मिहान प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची केंद्रे आहेत, पण अ‍ॅझ्युअर (२०१५) आणि अ‍ॅमेझॉन (२०१६) यांचे राज्यातले क्लाउड-विभाग पुणे व मुंबईत आहेत. त्यांवर भाड्याने घेतलेल्या व्हीएमचे पार्टिशन आणि फाइल-सिस्टीम नागपुरातून दुरूनच, सहसा एसएसएचवरून, वाढवावी लागते. रीबूटनंतर यंत्र उठले नाही तर हाताशी उरतो तो सीरियल कन्सोल, म्हणून आधी बॅकअप. अ‍ॅमेझॉनवर २०१७ पासून ईबीएस डिस्क चालू असतानाच वाढवता येते. अ‍ॅझ्युअरवर पूर्वी त्यासाठी व्हीएम थांबवावी लागे. क्लाउड-इनिट असलेल्या उबंटूत रूट पार्टिशन रीबूटवर आपोआप पसरते.

विंडोज : ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’, रिकव्हरी पार्टिशन आडवे आल्यास पर्याय निष्क्रिय दिसतो.