सफर आणि सफारी

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरचं नाव आपल्या गोव्यात फारसं कुणी ऐकलेलं नसेल. तिथं घरोघरी मराठी बोलतात. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा मागे टाकून उत्तरेला निघालं की सातपुडा चढायचा. छिंदवाड्याच्याही पलीकडे पचमढी.

सफारी म्हटली की आपल्याला आफ्रिकाच आठवते. शब्द स्वाहिली, पण मूळ अरबी 'सफर', म्हणजे आपल्या ओळखीचंच! पर्यटकांना पायी जंगलात नेण्याची तिथली प्रथा नॉर्मन कार यांनी १९५० च्या सुमारास आजच्या झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात पाडली.

सातपुड्यात मात्र १८६२ मध्येच कॅप्टन जेम्स फॉर्सिथ पचमढीच्या पठारावर पोचला होता. गोंड-कोरकूंच्या सोबतीनं तो हे रान हिंडला. १८७१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पचमढी त्यानं 'शोधली' असं अजूनही लिहितात. आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारे गोंड-कोरकू? आम्हा कारकुनांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. टिपण एकाचं, सही दुसऱ्याची.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आज पायी सफारी करता येते. वाटाड्या सोबत लागतोच. परत आल्यावर प्रवासवर्णन लिहाल, तेव्हा त्याचं नावही विचारून घ्या.