'हे अर्थशास्त्रच नाही!': एका पीएचडीची गोष्ट

मी एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पोर्टफोलिओ मॅनेजमेंटच्या पेपरला एक सूत्र हमखास येतं. पाठ करायचं, लिहायचं, मार्क घ्यायचे, विसरायचं. पण ज्याने ते शोधलं तोही तेव्हा विद्यार्थीच होता, आणि त्याच कामावरून त्याच्या डिग्रीवर प्रश्नचिन्ह लागलं होतं, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. तर आज ती गोष्ट.

साल साधारण 1950. शिकागो विद्यापीठात हॅरी मार्कोविट्झ नावाचा मुलगा प्रबंधासाठी विषय शोधत होता. किराणा दुकान चालवणाऱ्या घरातला. गाइड होते जेकब मार्शाक. त्यांच्या केबिनबाहेर ताटकळत बसला असताना शेजारी एक शेअर दलालही बसलेला. गप्पा निघाल्या आणि दलाल म्हणाला, शेअर बाजारावरच का नाही करत? विषय मिळाला तो असा!

मग हॅरी लायब्ररीत जॉन बर विल्यम्स यांचं 1938 चं पुस्तक वाचायला बसला. त्यात सांगितलं होतं की शेअरची किंमत म्हणजे त्यातून पुढे मिळणाऱ्या डिव्हिडंडची आजची किंमत. हॅरी अडखळला. फक्त अपेक्षित परतावाच बघायचा असेल, तर सगळ्यात जास्त परतावा देणारा एकच शेअर घ्या, विषय संपला! पण शहाणी माणसं तसं करत नाहीत. पैसे वाटून ठेवतात. का? कारण त्यांना जोखीमही दिसत असते. पुस्तकात ती कुठेच मोजलेली नव्हती.

हॅरीने ती मोजली, आणि खरी गंमत पुढे आहे. एकेका शेअरची जोखीम बघून भागत नाही. ते शेअर एकमेकांसोबत कसे हलतात, ते बघावं लागतं. यालाच कोव्हेरियन्स म्हणतात.

मला हे कळलं ते पैसे घालवून. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून मी चार शेअर घेतले होते, चारही बँकांचे. वाटलं, झालं डायव्हर्सिफिकेशन. एका आठवड्यात चारही एकदमच खाली आले. आजोबांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "अरे, सोयाबीनसोबत उडीद लावून काय उपयोग? पावसाने ताण दिला की दोन्ही एकदमच जातात. म्हणून तर सोयाबीनमध्ये तूर घेतो. ती उशिरा येते. एक गेलं तर दुसरं हाताशी राहतं." आजोबा सातवीपर्यंत शिकलेत. मी दोन लाखांचं एज्युकेशन लोन काढून तेच शिकतोय!

असो. मार्च 1952 मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये हॅरीचा पंधरा पानी लेख आला. पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला समोर होते मिल्टन फ्रीडमन. ते म्हणाले, हे अर्थशास्त्रच नाही, मग अर्थशास्त्राची पीएचडी द्यायची कशी? बाकीची चर्चा बाजूलाच राहिली. हॅरीला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने मार्शाक बाहेर आले आणि 'डॉक्टर मार्कोविट्झ' म्हणत त्यांनी अभिनंदन केलं.

तरी हे काम लगेच बाजारात वापरणं अवघड होतं. 100 शेअर घेतले तर त्यांच्या 4,950 जोड्या होतात, आणि तेव्हाचे कॉम्प्युटर कसले! मार्कोविट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली काम केलेल्या विल्यम शार्प या दुसऱ्या विद्यार्थ्याने सोपी वाट काढली: प्रत्येक शेअर बाजारासोबत किती हलतो तेवढंच बघा. आज ॲपवर दिसणारा 'बीटा' याच विचारातून आला. 1990 मध्ये दोघांना मर्टन मिलर यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या भाषणात मार्कोविट्झ म्हणाले, फ्रीडमन बरोबर होते, तेव्हा हे अर्थशास्त्र नव्हतं. आता आहे.

आणि स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांचं त्यांनी काय केलं? सूत्रबित्र काही नाही. अर्धे शेअरमध्ये, अर्धे बाँडमध्ये. बाजार चढला किंवा पडला, तरी नंतर हळहळ नको म्हणून.

सूत्र मला परीक्षेनंतर आठवेल की नाही, माहीत नाही. पण पुस्तक वाचताना 'मग माणसं असं का करत नाहीत?' हा हॅरीचा प्रश्न मात्र मी सोबत ठेवणार आहे. तुमचे चार शेअर कुठले आहेत, बघा एकदा. भेटू पुढच्या भागात!