मान्यता, संलग्नता आणि पदवी : दौंडच्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राचा पूर्वेतिहास

भीमाकाठचे दौंड हे गाव १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाल्यापासून जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे तेथील उच्चशिक्षणेच्छू विद्यार्थ्याचा प्रवास मोठा चमत्कारिक होता. तो गाडीने पुण्यास जाई, तेथील एखाद्या महाविद्यालयात चार वर्षे शिके, आणि पदवी मात्र त्याला मुंबई विद्यापीठाची मिळे. शिकविणारे एक आणि पदवी देणारे दुसरे, ही व्यवस्था आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ‘मान्यता’ या एका शब्दाभोवती आज जो घोटाळा माजलेला दिसतो, त्याचे मूळ या विभागणीतच आहे.

१८५७ च्या जुलैत स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. प्रारंभी अध्यापन हे त्याचे कार्यच नव्हते. परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्याचे काम होते. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. ते घडले एल्फिन्स्टन संस्थेत. शिक्कामोर्तब विद्यापीठाने केले. महाविद्यालयाने आपले विद्यार्थी परीक्षेस बसविण्याचा जो अधिकार विद्यापीठाकडून मिळवावयाचा, त्यास पुढे ‘संलग्नता’ हे नाव रूढ झाले. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने या संबंधास कठोर रूप दिले. महाविद्यालयांच्या तपासणीची तरतूद झाली, संलग्नतेच्या अटी निश्चित झाल्या, आणि प्रत्येक विद्यापीठास प्रादेशिक सीमा आखून देण्यात आली. एखाद्या विषयाची संलग्नता असावी आणि दुसऱ्याची नसावी, हा प्रकार तेव्हापासून परिचित आहे. म्हणजे संलग्नता ही संस्थेस एकदाच मिळणारी सनद नसून अभ्यासक्रमागणिक तपासावयाची गोष्ट आहे. प्रवेश घेणारा विद्यार्थी ही गोष्ट आजही क्वचितच तपासतो.

पदवीचे सामर्थ्य विद्येतून येते की कायद्यातून, या प्रश्नाची खरी कसोटी महाराष्ट्रात १९१६ साली लागली. धोंडो केशव कर्वे यांनी त्या वर्षी महिला विद्यापीठ स्थापिले, ते सरकारी कायद्याच्या आधाराविना. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजी हा आवश्यक विषय होता. पदव्यांची नावेही त्यांनी संस्कृतातून घडविली : बी. ए. च्या तोडीची ‘गृहीतागमा’ आणि एम. ए. च्या तोडीची ‘प्रदेयागमा’. जिने शास्त्र ग्रहण केले ती पहिली. जिने ते इतरांस द्यावे अशी योग्यता जिला आली ती दुसरी. (इंग्रजीतील ‘बॅचलर’ हा शब्द स्त्रीच्या नावापुढे लावताना जो अर्थविरोध होतो, तो या बहुव्रीही समासांत मुळीच नाही. पदवीच्या नावातच विद्येचा क्रम सांगणारी इतकी नेटकी परिभाषा पुढे टिकली नाही, ही खेदाची गोष्ट होय.) १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. द्रव्य होते, अध्यापक होते, विद्यार्थिनी होत्या. परंतु सरकारी नोकरी किंवा अन्य विद्यापीठातील प्रवेश यांसाठी लागणारे कायद्याचे बळ त्या पदवीस नव्हते. मुंबई विधिमंडळाचा कायदा १९४९ साली झाला आणि १९५१ पासून हे विद्यापीठ वैधानिक ठरले. मधल्या पस्तीस वर्षांतील गृहीतागमा अशिक्षित होत्या असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तथापि त्यांच्या विद्येची किंमत ठरविण्याचा अधिकार त्यांच्या विद्यापीठास नव्हता, हेही तितकेच खरे.

१९२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची कथा याहून वेगळी आहे. कर्व्यांना सरकारी मान्यता हवी होती, ती मिळाली नाही. राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी असहकाराच्या काळात ती मागितलीच नाही. ‘विशारद’, ‘पारंगत’ या पदव्या त्यांनी स्वतःच्या अधिकारात दिल्या. स्वराज्य आल्यावर मात्र नाकारण्यास परके सरकार उरले नाही आणि मान्यतेचा प्रश्न उरला. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार केंद्रीय वा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांपुरता मर्यादित केला. गुजरात विद्यापीठास (अहमदाबादचे गांधीप्रणीत ‘विद्यापीठ’, त्याच शहरातील शासकीय विद्यापीठ नव्हे) अभिमत दर्जा १९६३ साली मिळाला. टिळक विद्यापीठास तो १९८७ साली मिळाला.

दौंडच्या विद्यार्थ्यापुरते पाहता मोठा बदल १९४९ च्या फेब्रुवारीत झाला. पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीचे ठिकाण मुंबईहून पुण्यास आले. पुढे महाविद्यालयेच तालुक्याच्या गावी आली. आज दौंडचे कटारिया महाविद्यालय किंवा घोडनदीकाठच्या शिरूरचे बोरा महाविद्यालय यांतून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी गाव न सोडता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पदवीधर होतो. (हे नाव विद्यापीठास २०१४ साली मिळाले.)

आता ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाकडे वळावे. प्रवेशपत्रिकेवर तो छापला जातो तेव्हा त्याचा अर्थ निदान चार प्रकारे होऊ शकतो. महाविद्यालय काढण्यास शासनाची परवानगी मिळाली, हा एक अर्थ. बृहत् आराखडा, इरादापत्र हे शब्द त्याच टप्प्यावरचे होत. विद्यापीठाने संलग्नता दिली, हा दुसरा. पदवीच्या दृष्टीने निर्णायक तो हाच. अनुदान आयोगाने कलम २ (एफ) अन्वये संस्थेची नोंद घेतली, हा तिसरा. तिला १२ (बी) ची जोड असल्यास केंद्रीय अनुदान घेता येते. हे कलम १९७२ च्या दुरुस्तीने आले. चौथा अर्थ १९९४ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचा, म्हणजे ‘नॅक’चा. २०१६ पासून परिषदेने चार गुणांच्या मोजपट्टीवर ‘ए प्लस प्लस’पासून ‘डी’पर्यंत आठ श्रेणी दिल्या, त्यांपैकी ‘डी’ म्हणजे अधिस्वीकृती नाही. २०२४ च्या आरंभी श्रेणीऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असा दुहेरी निर्णय देण्याचे धोरण परिषदेने जाहीर केले.

या चारांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी नुकसान करते. नॅकची श्रेणी कितीही उच्च असली तरी तिच्या बळावर महाविद्यालयास पदवी देता येत नाही. उलट श्रेणी नसलेल्या संलग्न महाविद्यालयाची पदवी रतिभरही उणी ठरत नाही. ‘विनाअनुदानित’ या शब्दाने पालक बिचकतात, पण त्याचा संबंध वेतनाच्या खर्चाशी आहे, पदवीच्या वैधतेशी नाही. खरा धोका वेगळ्याच जागी आहे. ज्या संस्थेस २२ व्या कलमाचा आधारच नाही, तिने ‘विद्यापीठ’ हे नाव लावून पदव्या वाटल्या तर तिच्या इमारतीकडे किंवा जाहिरातीकडे पाहून ते कळत नाही. अशा संस्थांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. पण ती पाहावयाची असते हे ज्याच्या घरात प्रथमच कोणी पदवीस बसत आहे त्याला सांगणार कोण? १९१६ च्या गृहीतागमेला आपली पदवी सरकारमान्य नाही हे प्रवेशापूर्वीच ठाऊक होते. ती जाणूनबुजून त्या वाटेने गेली. फसवणूक झालेल्या विद्यार्थ्यास ते नोकरीच्या दारात कळते.

स्वायत्ततेनेही ही मूळ रचना मोडलेली नाही. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय स्वायत्त आहे. ते आपला अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते. परंतु तेथील विद्यार्थ्याच्या पदवीवर विद्यापीठाचेच नाव असते, आणि तेच नाव दौंडच्या विद्यार्थ्याच्या पदवीवरही असते.