रविवार कुणी मागितला? भोंगा, दिवा आणि बर्नआउट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर.

दरवर्षी १० जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: भारताला रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. तुम्हालाही तो आला असेल. आज त्यामागची गोष्ट सांगतो. कारण ‘बर्नआउट कसा टाळायचा’ असे जे रील्स आपण रात्री एक वाजता बघत बसतो, त्यात ही गोष्ट कुठेच नसते.

आधी फॉरवर्ड थोडा दुरुस्त करू. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असायच्या. सुट्टी नव्हती ती मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांना. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून पोट भरायला आलेली ही माणसं. गिरणीत विजेचे दिवे अजून यायचे होते. त्यामुळे हिशोब सोपा: उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. मुंबईत हिवाळ्यात दिवस साधारण अकरा तासांचा असतो, उन्हाळ्यात तेरा तासांचा. म्हणजे कामाचे तास सूर्य ठरवायचा! आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. गिरणी थांबलीच तर अनेकदा यंत्रं पुसायला बोलावणं यायचं.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत ठेवायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या. हो, तुम्ही बरोबर वाचलंत, सात वर्षांची मुलं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल मात्र त्या कायद्यात काहीच नव्हतं.

आता लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८ सालचा. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते गिरणीत स्टोअरकीपर झाले, त्यामुळे हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून ‘दीनबंधू’ हे पत्र ते मुंबईतून चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

ही यादी परत एकदा वाचा. यात पगारवाढ नाही. पहिल्या तिन्ही मागण्या वेळेच्या आहेत: काम कधी सुरू होणार, मध्ये कधी थांबणार, कधी संपणार. थकवा नेमका कुठून येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, बरं का.

लगेच काही मिळालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन गिरणी कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळात! मालकांच्या संघटनेला पुन्हा अर्ज गेला आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. खंडोबाचा वार अखेर कामगाराच्या हाती आला. १८९१ च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती देशभरच्या कारखान्यांना लागू केली. यात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता, कारण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. दया कमी, धंदा जास्त. पण मागणी आधी इथल्या कामगारांनी मांडली होती, हे विसरायचं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची हद्दच पुसली गेली! १९०५ च्या सुमारास बाजार तेजीत होता, तेव्हा काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालल्या. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कापड गिरण्यांना लागली ती १९११ च्या कायद्यानं. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते.

मला या गोष्टीत आपला फोन दिसतो. दिव्यानं संध्याकाळ घेतली, फोननं रात्र आणि रविवार दोन्ही घेतलं. ‘फक्त पाच मिनिटांचं काम आहे’ हा मेसेज म्हणजे नवा भोंगा. फरक एवढाच की तो फक्त तुम्हाला ऐकू येतो, शेजारच्याला नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द बराच नंतरचा. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो या अर्थानं मांडला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या नक्की केली: कामावरचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था. प्रचंड थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी हेही स्पष्ट केलं की हा आजार म्हणून नोंदवलेला नाही, ही कामाशी जोडलेली गोष्ट आहे. तरी आपण उपाय शोधतो तो फक्त स्वतःत. ध्यान करा, पहाटे उठा, डायरी लिहा. करा की, मी नाही म्हणत नाही. झोप आणि व्यायामाचा उपयोग होतोच. पण रोज तेरा तास उभं राहणाऱ्या माणसाला लोखंडे ‘मन खंबीर ठेव’ म्हणाले नाहीत. त्यांनी वेळ ठरवून मागितली, आणि एकट्यानं मागितली नाही.

तुमच्या टीममध्ये पाच माणसं असली तरी चालेल. एकदा बसून तीन प्रश्न विचारा. काम किती वाजता संपतं? जेवताना फोन उचलायचा का? कुठल्या दिवशी कुणी कुणाला मेसेज करायचा नाही? उत्तरं लिहून काढा आणि मॅनेजरपुढे सगळे मिळून ठेवा. एकटा बोलला की तो ‘कामचुकार’ ठरतो. सगळे बोलले की तो नियम होऊ शकतो.

आणि हो, हा भाग तुम्ही रविवारी वाचत असाल, तर निवांत वाचा. त्या रविवारासाठी ५,५०० जणांनी सह्या केल्या होत्या. भेटू पुढच्या भागात!