घाटाची श्रेणी : मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या संदर्भात

प्रस्तावना : सायकल शर्यतीतील चढ किती अवघड, हा प्रश्न वरकरणी केवळ मोजमापाचा वाटतो. प्रस्तुत लेखात बोरघाटाच्या आधारे त्याची ऐतिहासिक बाजू तपासली आहे.

विवेचन : टूर द फ्रान्समध्ये 1933 पासून डोंगरचढाईचे स्वतंत्र गुणांकन सुरू झाले. पुढे चढांच्या श्रेणी आल्या. त्यांत चौथी सर्वांत सोपी, पहिली कठीण, तर 1979 पासून त्याहीपलीकडची ‘श्रेणीबाह्य’. श्रेणी ठरविताना लांबी व तीव्रता यांबरोबरच चढ टप्प्याच्या आरंभी आहे की अखेरीस, हेही पाहिले जाते. त्यामुळे एकाच घाटाची श्रेणी दोन वर्षांत भिन्न असू शकते.

बोरघाटात 1830 साली गाडीरस्ता व 1863 साली लोहमार्ग झाला. इंजिनाला पेलावा म्हणून लोहमार्गाचा चढ 37 फुटांस 1 फूट इतका मर्यादित ठेवला गेला. सायकलपटूला मात्र रस्ता जसा आहे तसाच चढावा लागतो. 1945 मध्ये सुरू झालेल्या मुंबई–पुणे शर्यतीत खोपोली ते खंडाळा हाच निर्णायक चढ होय. तुलनेस दुसरा घाट नसल्याने येथे श्रेणीऐवजी ‘घाटाचा राजा’ हा किताब रूढ झाला असावा.

निष्कर्ष : श्रेणी हे डोंगराचे माप नसून अनेक चढांच्या तुलनेचे साधन आहे. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय बहुटप्पा शर्यत झाली. अशा शर्यतींतून सह्याद्रीच्या घाटांची तुलना होत राहील. परंतु ‘घाटाच्या राजां’च्या जुन्या नोंदी विखुरल्या, तर त्या तुलनेला स्थानिक इतिहासाचा आधार उरणार नाही. त्या नोंदींचे संकलन महाविद्यालयांनी हाती घ्यावे, असे येथे सुचवावेसे वाटते.