इच्छापोर : कारखाना इकडं, घर तिकडं

नवापूर, धुळे, जळगावहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 पश्चिमेला सुरतजवळ हजीऱ्याला संपतो. याच हजीरा पट्ट्यात तापीच्या उत्तरेला इच्छापोर आहे. इथं जीआयडीसीची वसाहत आणि हिरे-दागिन्यांचं पार्क आहे. पुढं हजीऱ्याला बंदर, पोलाद आणि खताचे मोठे कारखाने. आपल्या खान्देशातली कामगार वस्ती मात्र मुख्यतः नदीपलीकडं, उधना, लिंबायत, पांडेसरा भागात. काम एकीकडं, घर दुसरीकडं. ज्यांना हे अंतर रोज कापावं लागतं, त्यांचा वेळ आणि पगाराचा काही भाग रस्त्यातच जातो.

नियोजन कसं होतं?

जमिनीचा वापर ठरवणं आणि वाहतूक आखणं ही एकाच कामाची दोन अंगं. गुजरातमध्ये 1976 च्या नगररचना कायद्यानुसार आधी विकास आराखडा होतो, मग भागाभागाची टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मोजतात, रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढून घेतात आणि उरलेली जमीन नीट आकाराचा भूखंड करून मूळ मालकाला परत देतात. म्हणजे घरं उभी राहण्याआधीच रस्त्याची जागा राखली जाते. नंतर पाडापाडी करावी लागत नाही. महाराष्ट्रातही 1966 च्या कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे.

घोडं कुठं अडतं?

रस्त्याची जागा राखली म्हणजे बस आली असं नाही. सुरतमध्ये बीआरटीएस 2014 मध्ये सुरू झाली. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला 2019 मध्ये मंजुरी मिळाली. सरथाणा-ड्रीम सिटी आणि भेसाण-सारोली असे दोन मार्ग, मिळून सुमारे 40 किलोमीटर. यातला कुठलाच मार्ग इच्छापोर-हजीऱ्यापर्यंत जात नाही. खजोदच्या डायमंड बोर्सचं उद्घाटन डिसेंबर 2023 मध्ये झालं, तेव्हाही तिथं मेट्रो धावत नव्हती. 2020 मध्ये दोन नगरपालिका आणि 27 ग्रामपंचायती घेऊन महापालिकेची हद्द वाढली. हद्द एका आदेशानं वाढते, बससेवेला वर्षं लागतात.

आपल्याकडं काय बघावं?

नवापूर, नंदुरबार, धुळे इथंही एमआयडीसी आणि वस्त्या वाढतायत. नवी वसाहत मंजूर होताना तीन प्रश्न विचारायला हवेत : कामगार राहणार कुठं, येणार कशानं, आणि ट्रकचा रस्ता वस्तीतून जाणार का? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. हे प्रश्न मांडायची वेळ तीच. घरं बांधून झाल्यावर उत्तर मिळतं, पण ते महाग पडतं.