‘हॅल्युसिनेशन्स’: व्यसनाच्या अधोगतीची संगीतकथा

‘हॅल्युसिनेशन्स’ हा जर्मनीतील ‘अ‍ॅट्रॉसिटी’ या डेथ मेटल बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम असून तो १९९० मध्ये न्यूक्लिअर ब्लास्ट या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यातील गीते अमली पदार्थांच्या व्यसनाच्या एकाच सूत्राने बांधलेली आहेत. म्हणूनच त्याची गणना संकल्पनाधिष्ठित अल्बममध्ये होते.

नैर्ऋत्य जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे १९८५ मध्ये ‘इन्स्टिगेटर’ या नावाने हा बँड स्थापन झाला. पुढे त्याने आजचे नाव धारण केले. गायक अलेक्झांडर क्रुल आणि गिटारवादक मथियास र‍्योडेरर हे त्याचे प्रमुख कलावंत. त्या काळी जर्मन मेटल संगीताची ओळख ‘क्रिएटर’, ‘सोडोम’ व ‘डिस्ट्रक्शन’ या थ्रॅश शैलीच्या बँडमुळे होती. डेथ मेटलचे केंद्र मात्र अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात होते. ध्वनिमुद्रणासाठी बँडने तेथील टॅम्पा शहराचा मॉरिसाउंड स्टुडिओ निवडला व ध्वनितंत्रज्ञ स्कॉट बर्न्स यांचे साहाय्य घेतले.

डेथ मेटलच्या गीतांत रक्तपात, प्रेते आणि विटंबना यांची वर्णने विपुल असतात. पण ती बहुधा कल्पित आणि ऐकणाऱ्यापासून दूरची. ‘हॅल्युसिनेशन्स’मधील भीषणता तशी नाही. ती शेजारच्या घरातही घडू शकते. बर्लिनमधील एका हेरॉइनग्रस्त किशोरीचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन आणि त्यावरील १९८१ चा चित्रपट यांमुळे हा प्रश्न जर्मन समाजाला चांगलाच परिचित होता. ‘फेटल स्टेप’ अर्थात घातक पाऊल, ‘डिफीटेड इंटलेक्ट’ म्हणजे पराभूत बुद्धी, ‘अ‍ॅबिस ऑफ अ‍ॅडिक्शन’ म्हणजे व्यसनाची गर्ता, ही गीतांची शीर्षकेच अधोगतीचे टप्पे सांगतात.

अडचण एकच, पण मोठी. घशातून काढलेल्या गुरगुरत्या स्वरात शब्द जवळजवळ कळत नाहीत. गीतांचा छापील मजकूर हाती नसेल तर कथा निसटते. तिचा भार मग संगीतालाच वाहावा लागतो. लय ध्यानीमनी नसताना तुटते, भरधाव ताल एकाएकी मंदावतो, गिटारची एक आकृती स्थिरावण्याआधीच दुसरी सुरू होते. सरळ, ठेका धरायला लावणाऱ्या संगीताची अपेक्षा बाळगणाऱ्या श्रोत्याला हे विस्कळीत वाटेल. भ्रमिष्ट मनाच्या चित्रणाला मात्र ते शोभून दिसते.

मुखपृष्ठावर स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांची कलाकृती आहे. ‘एलियन’ चित्रपटातील दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या चमूत गिगर होते.

१९९२ च्या ‘टोडेसझेनझुख्ट’ (मृत्यूची आस) या अल्बमनंतर बँड या शैलीपासून दूर जाऊ लागला. १९९७ मध्ये तर त्याने ‘वेर्क ८०’ या अल्बममध्ये १९८० च्या दशकातील लोकप्रिय पॉप गीते नव्याने सादर केली.